रसाचार्य नागार्जुन : श्रद्धा, इतिहास आणि आमची रसशाळा

धन्वंतरी जयंतीस संहिता व रसग्रंथ चौरंगावर मांडून त्यांची पूजा करण्याची रीत आमच्या विदर्भातील वैद्यघराण्यांत अद्याप टिकून आहे. ग्रंथास हळदकुंकू वाहणारा वैद्य तो ग्रंथ देवाप्रमाणे मानतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण समोर बसला की त्याच ग्रंथातील योग लिहून देतो. पूजा आणि प्रयोग या दोहोंमध्ये आमच्या परंपरेने कधी भिंत उभी केली नाही. तथापि गेल्या पाव शतकात या दोहोंविषयी आम्हाला बाहेरून प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. तुमचे ग्रंथ नेमके कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्यांतील कथा खऱ्या काय? आणि तुमच्या भस्मांत जे आहे ते रुग्णाच्या पोटात जाण्यास योग्य आहे काय? यांपैकी पहिले तीन प्रश्न इतिहासाचे आणि शेवटचा व्यवहाराचा. आमच्या मते या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी भेटतात, आणि ते ठिकाण नागपूरच्या वैद्यास फार दूरचे नाही. म्हणून रसाचार्य नागार्जुनाच्या निमित्ताने हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

टेकडी आणि आख्यायिका

नागपूरहून ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक आहे. गडावरील राममंदिराकडे जाणाऱ्या यात्रेकरूस त्या परिसरातील नागार्जुनाची टेकडी व गुहा आवर्जून दाखविली जाते. सिद्ध नागार्जुनाने येथे राहून पारदसिद्धी केली, वनस्पतींचा अभ्यास केला, अशी लोकांची दृढ समजूत आहे. आमच्या पिढीतील अनेक विद्यार्थी पदवीच्या वर्षांत वनौषधी सहलीसाठी याच टेकड्यांवर हिंडले, आणि वनस्पतींची ओळख करून घेताना ही आख्यायिका त्यांनी ऐकली.

ही भूमी आख्यायिकेपुरतीच थोर आहे असे नाही. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, हे विद्वन्मान्य आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला. त्यात रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे. म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात रामगिरी हे राजघराण्याचे श्रद्धास्थान होते, हे धातूवर कोरलेले प्रमाण आहे. नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो ग्रंथ १९६३ मध्ये सिद्ध केला, तो या अभ्यासाचा पाया होय. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेकच, हेही मत त्यांनी साधार मांडले.

रामटेकच्या अलीकडे मनसर आहे. तेथील टेकड्यांवर १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले व भव्य वास्तूंचे अवशेष उजेडात आले. बौद्ध परंपरेतील श्रद्धाळूंनी या स्थानाचा संबंध बोधिसत्त्व नागार्जुनाशी जोडला. हान्स बॅकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर व तेथील शिवमंदिर पाहिले. मिराशींनी मात्र प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले होते. एकाच मातीविषयी जाणत्यांची मते इतकी भिन्न असू शकतात, ही गोष्ट पुढील विवेचनाकरिता ध्यानात ठेवावी.

ग्रंथ काय सांगतात

नागार्जुन हे नाव आमच्या वाङ्मयात ठिकठिकाणी येते. बाराव्या शतकाच्या सुमारास झालेला सुश्रुताचा टीकाकार डल्हण नागार्जुनास सुश्रुतसंहितेचा प्रतिसंस्कर्ता म्हणतो. वृंदाच्या सिद्धयोगात व पुढे चक्रदत्तात नेत्ररोगावरील एक वर्ती आहे. ती नागार्जुनाने पाटलिपुत्र येथील स्तंभावर लिहून ठेवली होती असे तेथे सांगितले आहे. औषधाचा पाठ सर्वांना दिसेल अशा ठिकाणी कोरून ठेवणारा आचार्य, हे चित्र आम्हास विशेष प्रिय आहे. गुप्त योगांची पाकिटे विकणाऱ्यांनी त्याचे मनन करावे.

रसरत्नसमुच्चयाच्या आरंभी सत्तावीस रससिद्धांची नामावली आहे, तीत नागार्जुन आहे. रसेंद्रमंगल व कक्षपुट हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. रस सिद्ध झाल्यावर हे जग दारिद्र्यमुक्त करीन, अशी प्रतिज्ञा परंपरा त्याच्या मुखी घालते. केरळात जतन झालेले रसवैशेषिकसूत्र भदंत नागार्जुनाचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो ग्रंथ पारदाचा नसून मधुरादी रसांच्या विचाराचा आहे.

ग्रंथांबाहेरही त्याची कीर्ती गेली होती. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसल देशाच्या वर्णनात नागार्जुनाची कथा सांगतो. सातवाहन राजा त्याच्यासाठी डोंगरात विहार खोदवीत असता खजिना रिता झाला, तेव्हा नागार्जुनाने औषधाच्या स्पर्शाने शिळांचे सोने केले. औषधयोजनेत तो निष्णात होता व रसायनाच्या बळावर शेकडो वर्षे जगला, असेही तो नोंदवितो. हा कोसल देश म्हणजे विदर्भ, असे मत जनरल कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. इतरांनी तो छत्तीसगडकडे नेला.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात नागार्जुन राजा चिरायूचा मंत्री आहे. त्याच्या रसायनामुळे राजा मरत नाही, म्हणून सिंहासनाची वाट पाहून थकलेला राजपुत्र नागार्जुनाचे मस्तकच दान मागतो आणि तो ते देतो. त्याच शतकात अल्बेरुनी मात्र सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्याचा, आपल्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेलेला, रसविद्येतील निपुण नागार्जुन सांगतो.

इतिहासाची कसोटी

आता हे सर्व उल्लेख एका ओळीत मांडून पाहावे. शून्यतेचे तत्त्वज्ञान मांडणारा माध्यमिक आचार्य नागार्जुन सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ठेवला जातो. अल्बेरुनीचा नागार्जुन दहाव्या शतकातील ठरतो. या दोहोंत आठशे वर्षांचे अंतर आहे. रसायनाने आयुष्य वाढते यावर आमचा विश्वास असला तरी एकाच पुरुषाने दुसऱ्या शतकात तर्कग्रंथ लिहावा, सुश्रुतावर संस्कार करावा आणि दहाव्या शतकात सौराष्ट्रात पारद मारावा, हे इतिहासाच्या दरबारात टिकणारे नाही. नागार्जुन एकाहून अधिक झाले, आणि पुढील काळातील रससिद्धांनी ते पूज्य नाव धारण केले अथवा त्यांच्या ग्रंथांस ते जोडले गेले, हेच मानणे सयुक्तिक होय.

ग्रंथांची स्थितीही अशीच आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ पासून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध करून रसशास्त्रास जगापुढे आणले. त्यांचे ऋण अमाप आहे. त्यांनी एका हस्तलिखितावरून नागार्जुनाच्या रसरत्नाकरातील उतारे छापले, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत तो ग्रंथ नागार्जुनाचा म्हणून रूढ झाला. पुढे १९८४ मध्ये डॉमिनिक वूजास्टिक यांनी दाखवून दिले की त्या हस्तलिखितात नित्यनाथाच्या रसरत्नाकराची व नागार्जुनाच्या रसेंद्रमंगलाची सरमिसळ झाली होती. म्हणजे नागार्जुनाचा रसरत्नाकर नावाचा स्वतंत्र ग्रंथ म्हणून जो आम्ही पाठ केला, तो लेखकाच्या पानांची अदलाबदल होऊन जन्मास आलेला होता.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकास हे वाचून क्लेश होतील. आम्हास विचाराल तर ते होऊ नयेत. त्याचे कारण आमच्याच संहितांत आहे.

ऋषिप्रणीत आणि सुभाषित

चरकसंहिता आपल्या उत्पत्तीविषयी काहीही झाकून ठेवीत नाही. अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्यावर संस्कार केला, आणि पुढे कपिलबलाचा पुत्र दृढबल याने उणे राहिलेले भाग पूर्ण केले, हे तीतच नमूद आहे. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, संपूर्ण कल्पस्थान व संपूर्ण सिद्धिस्थान, असे एकूण एकशेवीस अध्यायांपैकी एकेचाळीस अध्याय दृढबलाने घातले. अनेक तंत्रांतून वेचून आपण ही पूर्ती केली, हेही तो सांगतो. आम्ही वमन-विरेचनाचे कल्प व बस्तीच्या व्यापदा ज्या भागावरून शिकतो तो भाग दृढबलाचा आहे, म्हणून कोणी वैद्याने बस्ती देणे सोडले नाही.

याहून स्पष्ट वाग्भट आहे. अष्टांगहृदयाच्या शेवटच्या अध्यायात तो विरोधकांस रोखठोक विचारतो की ऋषींनी लिहिलेलेच वाचावयाचे असा आग्रह असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ का वाचीत नाही? वातास तेल, पित्तास तूप व कफास मध हितकर आहे हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा त्याच्या पुत्राने सांगितले काय, सांगणाऱ्यामुळे द्रव्याची शक्ती बदलत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मत्सर सोडून जे चांगले सांगितले आहे ते घ्यावे, हा त्याचा निर्वाळा. चरकाचे विमानस्थानही वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावी व मगच ते स्वीकारावे, असे बजावते.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. आप्तोपदेश हे प्रमाण आहे, आणि आप्त तोच, जो रज-तमांपासून मुक्त असल्यामुळे असत्य बोलत नाही. अशा आप्तांच्या वचनांचा आधार घेऊन जो उभा आहे, त्याने आप्तांविषयी असत्य बोलणे हा द्रोह होय. व्यासपीठावरून नागार्जुनाने अमुक यंत्र शोधले, अमुक आधुनिक सिद्धांत आधीच सांगितला, अशी विधाने टाळ्या मिळवितात. परंतु त्यांपैकी एक जरी खोटे ठरले तरी ऐकणारा तरुण विद्यार्थी ग्रंथातील खऱ्या गोष्टींविषयीही साशंक होतो. श्रद्धेचे सर्वांत मोठे नुकसान नास्तिकाने केलेले नाही, अतिशयोक्ती करणाऱ्या भक्ताने केले आहे.

रामटेकच्या टेकडीस नमस्कार करण्यासाठी तेथे पारद मारला गेल्याचा पुरावा लागत नाही. जसा रामगिरीस वंदन करण्यास प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट लागत नाही. ताम्रपट सापडला तर आनंद आहे. न सापडता तरी वंदन राहिले असते. फक्त वंदन हे वंदन म्हणून करावे आणि पुरावा हा पुरावा म्हणून द्यावा. या दोहोंची गल्लत झाली की दोन्ही मलिन होतात.

श्रद्धेची रसशाळा

मग रसशास्त्रात श्रद्धेचे स्थान कोठे? ते ग्रंथांनीच नेमून दिले आहे. रसरत्नसमुच्चयाचा सहावा अध्याय गुरू, शिष्य, रसलिंग व दीक्षा यांविषयी आहे आणि त्याच्या लगेच पुढचा सातवा अध्याय रसशाळेविषयी आहे. हा क्रम आम्हास अर्थपूर्ण वाटतो. जेथे औषधी विपुल आहेत, विहीर आहे, उपद्रव नाही, अशी जागा निवडावी. पूर्वेस रसभैरवाची स्थापना, आग्नेयेस अग्निकर्म, पश्चिमेस क्षालन, वायव्येस शोषण आणि ईशान्येस सिद्ध वस्तूंची साठवण, अशी मांडणी तेथे सांगितली आहे. कामास ठेवण्याची माणसे सत्यवचनी, निर्लोभ व आस्तिक असावीत असेही सांगितले आहे.

आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर कच्चा माल, प्रक्रिया, धुणे, वाळवणे आणि तयार माल यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, आणि कारागीर विश्वासू असावा. सन २००० मध्ये औषधी नियमांत जे शेड्यूल टी आले व ज्याच्या पूर्ततेकरिता आमच्या फार्मसीचालक बंधूंनी भिंती उभारल्या, फरशा बसविल्या, त्याचा हेतू यापासून फार वेगळा नाही. फरक इतकाच की निरीक्षक वर्षातून काही वेळा येतो, आणि रसभैरव पूर्वेच्या कोपऱ्यात रोज बसलेला असतो. श्रद्धा म्हणजे कोणी पाहत नसताना पाळलेला विधी, अशी व्याख्या आम्ही येथे करू.

पुटाचेच उदाहरण घ्यावे. गजपुटास एक राजहस्त लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात गळ्यापर्यंत गोवऱ्या, मध्ये संपुट व वर निम्म्या गोवऱ्या, असे प्रमाण आहे. अग्नी स्वतः शांत होईपर्यंत संपुट काढावयाचे नाही. सहस्रपुटी अभ्रकास असे हजार वेळा करावयाचे. प्रत्येक वेळी भावना, मर्दन, चक्रिका वाळविणे, संधिलेप, अग्नी व स्वांगशीत होणे आले. रोज एक पुट अखंड दिले असे धरले तरी हजार पुटांस सुमारे पावणेतीन वर्षे लागतात. काही वर्षांपूर्वी एक विक्रेता आमच्या चिकित्सालयात सहस्रपुटी अभ्रक घेऊन आला. त्याने सांगितलेल्या भावात हजार पुटांच्या गोवऱ्याही आल्या नसत्या. पुटांची नोंदवही मागितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वही कोण मागतो?" त्या दिवसापासून आम्ही वही मागतो.

वही नसली तरी ग्रंथाने वैद्यास निःशस्त्र सोडलेले नाही. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे ते वारितर. त्यावर धान्याचा दाणा ठेवला असता बुडू नये तो उनम. बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे ते रेखापूर्ण. अभ्रकात चकाकी दिसता कामा नये ते निश्चंद्र. गूळ, गुंजा, टंकण, मध व तूप या मित्रपंचकासह तापविले असता धातू पुन्हा उठता कामा नये ते अपुनर्भव. चांदीबरोबर तापवून चांदीचे वजन वाढू नये ते निरुत्थ. ताम्रभस्म दह्यावर टाकले असता निळसर-हिरवी छटा उमटली तर ते परत पुटास पाठवावे. यांपैकी पहिल्या चार परीक्षांस एक वाटी पाणी, दोन बोटे व खिडकीतील ऊन एवढेच साहित्य लागते. किती चिकित्सालयांत त्या होतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

विजेची भट्टी वापरावी की गोवऱ्या, हा वाद आमच्या संमेलनांत पुष्कळ रंगतो. आमचे मत असे की ग्रंथाने साधनाबरोबर परीक्षाही दिली आहे. गोवऱ्यांच्या पुटाचे तापमान कसे चढते व कसे उतरते ते मोजून तसेच भट्टीत साधले, आणि भस्म सर्व परीक्षांस उतरले, तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. परीक्षा न करता गोवऱ्यांचा अभिमान मिरविणे व्यर्थ आहे.

नागपुरात सिद्ध झालेला एक ग्रंथ

ग्रंथभक्ती कशी असावी याचे उदाहरण आमच्याच नगरात आहे. आंध्र प्रांतात बसवराजीय हा चिकित्साग्रंथ फार मान्यता पावलेला आहे. त्याची पंचवीस प्रकरणे आहेत. संस्कृताबरोबर तेलुगू पद्येही त्यात आहेत आणि रसयोगांचा साठा विपुल आहे. ग्रंथकार शिवभक्त व आत्मविश्वासाने परिपूर्ण असा आहे. कृतयुगात चरक प्रमाण होता, कलियुगात आपला ग्रंथ प्रमाण आहे, असे तो निःसंकोच सांगतो! हा ग्रंथ उत्तर व मध्य भारतातील वैद्यांच्या हाती पडला तो नागपूरचे वैद्य पंडित गोवर्धन शर्मा छांगाणी यांच्या संपादनामुळे. १९३० मध्ये नागपूर येथून तो प्रसिद्ध झाला. अष्टांगसंग्रहाच्या सूत्रस्थानावरील त्यांची हिंदी टीकाही अभ्यासकांस परिचित आहे.

दक्षिणेतील एक ग्रंथ, दुसऱ्या लिपीत व अर्धा दुसऱ्या भाषेत असलेला, मुद्रणशोधन करून नागपुरातून काढणे हे त्या काळी किती कष्टाचे असेल याची कल्पना करावी. त्याच पिढीच्या आगेमागे मुंबईस निर्णयसागर मुद्रणालयातून यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी चरक व सुश्रुताच्या सटीक आवृत्त्या सिद्ध केल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने रसरत्नसमुच्चय व योगरत्नाकर छापले. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी मराठीत आर्यभिषक लिहिला आणि १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. या मंडळींची श्रद्धा भाषणांत विरून गेली नाही. ती पाठभेदांत, शुद्धिपत्रांत व सूचींत उतरली.

त्याचे फळ आम्ही आज लायसन्सच्या रूपाने खात आहोत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदासाठी स्वतंत्र प्रकरण आले व प्रमाणग्रंथांची अनुसूची आली. त्या अनुसूचीत चरक-सुश्रुतांबरोबर आर्यभिषक आहे, निघण्टुरत्नाकर आहे, लोलिंबराजाचे वैद्यजीवन आहे, योगरत्नाकर आहे आणि बसवराजीयही आहे. रसग्रंथ तर डझनाहून अधिक आहेत. ज्या ग्रंथाचे नाव फार्मसीचालक आपल्या लेबलावर छापतो, त्याच्या मागे कोणा वैद्याने दिव्याच्या उजेडात वाचलेली मुद्रिते आहेत.

लेबलावरील शास्त्र

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळला. आम्ही तेव्हा नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. रुग्ण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येत व पुढ्यातील पुडीकडे बोट दाखवीत. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांचा अभ्यास छापला. त्यात सुमारे २१ टक्क्यांत हे धातू आढळले.

आमच्या अनेक बंधूंनी हे सारे षड्यंत्र म्हणून सोडून दिले. भस्म म्हणजे कच्चा धातू नव्हे, हे त्यांचे म्हणणे शास्त्रास धरून आहे. परंतु दुसऱ्या अभ्यासातील एक आकडा त्यांनी पुन्हा वाचावा. रसकल्पांत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. ते अपेक्षितच होते. पण ज्यांच्या पाठात धातू नाहीच अशा कल्पांतही ते सुमारे १७ टक्के होते. वनस्पतींच्या चूर्णात शिसे आले ते नागार्जुनाच्या ग्रंथातून आलेले नाही. ते माती, पाणी, खल, चक्की, भेसळ व निष्काळजीपणा यांतून आले. त्याचा दोष ग्रंथावर पडू देणे हीच खरी ग्रंथनिंदा होय. शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी बंधनकारक केली. परदेशी रुग्णास जी हमी मिळते ती इतवारीतील रुग्णास मिळू नये, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

रसकल्पांविषयीही भाबडेपणा नसावा. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे आज कोणतेही वैद्यक ठामपणे सांगू शकत नाही, आणि बालकांस त्याचा उपद्रव अधिक होतो. अशुद्ध अथवा अपक्व भस्माचे दोष आमच्या रसग्रंथांनी गुणांबरोबर स्पष्टपणे सांगितले आहेत. ग्रंथकारांचा हा इशारा भीतीचा नसून जबाबदारीचा आहे.

काय करावे

उपदेश करण्याचा आम्हास अधिकार नाही. स्वतःच्या चिकित्सालयात जे आम्ही पाळतो ते सहव्यवसायींपुढे ठेवतो.

पहिले, भस्म खरेदी करताना पुटांची संख्या, भावनाद्रव्य व बॅच यांची नोंद मागावी. जो देतो त्यास योग्य मूल्य द्यावे व घासाघीस करू नये. प्रामाणिक फार्मसीस स्वस्त मालाच्या स्पर्धेत एकटे सोडून नंतर शुद्ध औषध मिळत नाही म्हणून तक्रार करणे न्यायाचे नाही.

दुसरे, नवी बाटली फोडताच वारितर, उनम, रेखापूर्ण व निश्चंद्र या परीक्षा टेबलावर कराव्यात. शक्यतो रुग्णादेखत कराव्यात. या परीक्षा प्रयोगशाळेच्या अहवालास पर्याय नाहीत. प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल चूर्णांसाठीही मागावा.

तिसरे, शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्ये ज्या कल्पांत आहेत त्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्याने छापावी लागते. ती रुग्णास वाचून दाखवावी. गर्भिणी व बालक यांच्या बाबतीत वनस्पतिज पर्याय असता रसकल्प योजू नये.

चौथे, कोणाही अनोळखी इसमाकडील पुड्या घेऊन शूल, मलावरोध व पांडुता अशी लक्षणे घेऊन रुग्ण आला तर रक्तातील शिशाची तपासणी विनासंकोच करावी. औषधाचा उपद्रव दिसल्यास २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या आयुष औषधसतर्कता कार्यक्रमाकडे कळवावे. अशी नोंद म्हणजे आयुर्वेदाची बदनामी नव्हे. व्यापदांचे वर्णन करण्यासाठी दृढबलाने अध्याय खर्च केले आहेत.

पाचवे, जुन्या वैद्यघराण्यांत माळ्यावर पडलेली बाडे, वह्या व पोथ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखवाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत. आजोबांच्या वहीवर ते नागार्जुनाचे म्हणून न लिहिता आजोबांचे नाव, गाव व ज्ञात असलेले वर्ष लिहावे. एका हस्तलिखितातील पानांच्या अदलाबदलीने केवढा गोंधळ उडू शकतो, ते वर आलेच आहे.

पाटलिपुत्राच्या स्तंभावर वर्तीचा पाठ लिहिणारा कोणता नागार्जुन, हे कदाचित कधीच ठरणार नाही. त्याने तो उघड्यावर लिहिला, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचून पडताळून पाहावा असा लिहिला, एवढे मात्र परंपरा आम्हास सांगते. आमच्या औषधाच्या बाटलीवरील लेबलही तसेच असावे.